लेन्सला गाव दाखवताना

"कॅमेऱ्यात रोलच नव्हता म्हणे."

आत्या गेल्यानंतरचे दिवस आमच्याच घरी चालू होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि भेटून निघालेल्या दोघी बाहेर जिन्यात चपला शोधत होत्या. बोलणाऱ्या होत्या आत्याच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. आवाज दबका, पण आमच्याकडचा दबका आवाज दोन खोल्या ओलांडून सहज येतो. "गो बाय! मग दोन दिवस ती फोटो कसले काढीत होती?" दुसऱ्या बाईंनी विचारलं. "तेच तर. रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून आपली आपण हसत फिरत होती. एकटं राहिलं की होतं हो माणसाचं असं..." चपलांचा आवाज खाली उतरत गेला. मी गाळणी हातात धरून उभी होते. चहा कधीच गाळून झाला होता.

नलूआत्या, माझ्या बाबांची मोठी बहीण, मांडवीच्या जेटीवर बसल्या जागी गेली, त्याला आता काही आठवडे झाले. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, मांडवीत दोन खोल्यांत एकटी आणि मजेत राहणारी. कसला आजार नाही, तक्रार नाही. फोन आला तेव्हा मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. दारात बाबा येऊन उभे राहिले, पायात एकच चप्पल. "ताई गेली म्हणतायत," ते म्हणाले. 'म्हणतायत' म्हणाले, म्हणजे ते खोटं असण्याला अजून जागा होती. कानातला हेडफोन काढायचं मला सुचलं नाही. पुण्याचा कुणीतरी पुढच्या तिमाहीबद्दल बोलत राहिला आणि मी बाबांच्या त्या अनवाणी पावलाकडे बघत राहिले... हृदय थांबलं, डॉक्टरांनी सांगितलं. इतकं साधं कारण. मला ते अजून पुरेसं वाटत नाही.

मी कमी बोलते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे घरच्या गर्दीत माझं मराठी अडखळायचं, त्यावर सगळे हसायचे, मग मी बोलणंच कमी केलं. आत्या कधी हसली नाही. ती मला बोलायलाही लावायची नाही. हातात कॅमेरा द्यायची. तो रेंजफाइंडर होता, रोल घालायचा, तिच्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत घेतलेला. त्याच्यात लेन्समधून बघायचं नसतं. बाजूला एक वेगळी खिडकी असते, तिच्या मधोमध एक फिकट चौकोन, आणि त्या चौकोनात समोरचा माणूस दोन दोन दिसतो. लेन्सची कडी फिरवत गेलं की ते दोघे सरकत सरकत एक होतात. "दोन दिसतायत? आता कर एक," ती म्हणायची. "झाला? दाब मग. वाट कसली बघतेस, माणूस हलेल ना मेले!" खिडकी वेगळी असल्यामुळे लेन्सवर टोपण तसंच राहिलं तरी आतून सगळं लख्ख दिसतं. माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात आत्याने अख्खा रोल टोपणासकट काढला होता. धुऊन आल्यावर सगळा कोरा. ती स्वतःच इतकी हसली, की नवऱ्या मुलीलाही रागावता आलं नाही. "सासूबाई मात्र यात फार छान आल्यात," आत्या म्हणाली.

तिच्याकडे इतकी वर्षं एकच लेन्स होती, पन्नास मिलिमीटरची. तिला हवी होती पस्तीसची. "पन्नासमध्ये माणूस येतो गो. पस्तीसमध्ये माणूस येतो आणि त्याची आळीही येते," असं ती भूगोलाच्या बाईंसारखं समजावायची. पन्नासने खोलीतला फोटो काढताना तिला भिंतीला पाठ लावावी लागे, एकदा तर ती मागे सरकत सरकत बाल्कनीतल्या तुळशीवर बसली होती. शेवटी कोचीच्या एका हौशी गृहस्थाने आपली पस्तीसची विकायला काढली. मग आत्याचं काय झालं, ते मीच पाहिलं. ती लेन्स कुठवर आली हे ती दिवसभर फोनवर बघायची आणि मला कळवायची. मंगळूर. मडगाव. "अगो, कोल्हापूरला गेली! घाटावर कशाला नेली माझी लेन्स?" साठीच्या बाईचा असा आवाज मी ऐकला नव्हता. घरात तिने कुणाला सांगितलं नाही. सुधीरकाका, म्हणजे बाबांचा आणि तिचा धाकटा भाऊ, मुंबईहून फोनवर 'ताईचे शौक' म्हणून चिडवायचा, तेही प्रेमानेच, पण चिडवायचा. सांगितलं फक्त मला, कारण मी कुणाला सांगणार नाही याची तिला खात्री होती.

पार्सल आलं तेव्हा मी तिच्याकडे गेले. तिने कॉटवर धुतलेली चादर घातली होती. हात साबणाने धुतले, पुसले, परत धुतले. आत चामड्याचं छोटं गोल घर, त्याचा आधी वास घेतला, मला दिला. मग लेन्स. काळी, पितळ कडेला जरा उघडं पडलेलं, हातात घेतली तर आकाराच्या मानाने चांगलीच जड. तिने ती खिडकीशी धरली, आत डोळा घालून बुरशी आहे का बघितलं, नव्हती. कॅमेऱ्यावर बसवून फिरवली आणि 'खट्' असा बारीक आवाज आला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस?" परत काढली, परत बसवली. "ऐकलंस?"

मी विचारलं, रोल घालूया? ती जवळजवळ दचकली. "छे! आल्या आल्या रोल? आधी गाव दाखवायचं तिला." नव्या लेन्सचे पहिले दोन दिवस कॅमेरा रिकामा ठेवायचा, हा तिचा नियम होता, पन्नासच्या वेळीही तिने तेच केलं होतं म्हणाली. रिकामा कॅमेरा घेऊन हिंडायचं, अंतर बोटांना पाठ करून द्यायचं, समोरचं माणूस दोनाचं एक करायचं आणि शटर मात्र खरं दाबायचं. "रोल आत असला की मी कंजूष होते, बाय. हे कशाला, ते कशाला, असं करत बसते. रिकामा असला की सगळं बघते." दुसऱ्या दिवशी मलाही ये म्हणाली. मला काम होतं. "मग तू रोल घालताना ये," ती म्हणाली.

दोन दिवस ती गाव दाखवत हिंडली. भाट्याचा पूल, बाजार, आणि शेवटी मांडवीची ती जेटी. जेटीपाशी मासे विकणाऱ्या एक बाई नंतर आमच्याकडे येऊन रडल्या. "माझा फोटो तीनदा काढल्यानी बाईंनी, आणि हसत व्हत्या नुसत्या." त्यांनी हे कौतुकाने सांगितलं होतं. ते ऐकून काकाला वाटलं, ताईने काढलेले शेवटचे फोटो सगळ्यांना द्यावेत, म्हणून तो कॅमेरा घेऊन स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्याने अंधाऱ्या खोलीत जाऊन तो उघडला आणि बाहेर येऊन सांगितलं, आत काहीच नाही. काका परत आला तो वेगळाच. त्या क्षणापासून तेच हसू, तेच तीनदा शटर दाबणं, आजाराचं लक्षण झालं. गोष्ट घरातून जिन्यात गेली, जिन्यातून मांडवीला. मी ऐकत होते. मला वाटत होतं कुणीतरी विचारेल. मला कोण विचारणार?

बाबांनी जेवण सोडलं नाही, पण जेवताना मधेच थांबायचे. तेराव्यानंतरच्या दुपारी काका बॅग भरत होता आणि बाबा त्याच्याशेजारी बसले होते. "मला दिसायला हवं होतं रे," ते म्हणाले. "तिच्या डोक्यात असं काही चाललंय... आणि मी तिला एकटं राहू दिलं. शेवटी कशा अवस्थेत गेली असेल ती."

"दादा, तू काय करणार होतास? डोक्याचंच दुखणं ते, बाहेरून कळत नाही," काका म्हणाला. बॅगेत ठेवलेला शर्ट त्याने बाहेर काढून परत तसाच ठेवला.

मी दारात होते. रेंजफाइंडर म्हणजे काय, रोल का घालायचा नसतो, बोटांना अंतर कसं पाठ होतं, हे सगळं माझ्या डोक्यात नीट तयार होतं, पण इंग्रजीत. मराठीत आणता आणता त्यातलं एकेक वाक्य गळून गेलं. काकाने वर पाहिलं. "काय गं, मॅडम?" माझ्या कॉन्व्हेंटवरून चिडवायच्या सवयीने म्हणाला.

"बाबा," मी म्हटलं, आणि आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा आला, "आत्याला काही झालं नव्हतं. ती खूश होती. तिची नवी लेन्स आली होती."