सासुरवाडीची हवा

माझं माहेर हसनाबाद. जालन्याहून तिकडं गेलं की आमच्या यांचा खोकला दोन दिवसांत गायब! घरी उशीला टेकून बसणारा माणूस तिथं ओसरीवर आडवा होऊन चक्क घोरायचा. मंग काय, सगळ्या घराला विषयच मिळाला. भावजय म्हणायची, "दाजी, सासुरवाडीची हवा लईच मानवती हो तुम्हाला!" आई म्हणायची, "जावईबापू, इथंच राहा बरं." हे लाजायचे आणि पोळीवर आणखी तूप घ्यायचे. परत जालन्यात दुकान उघडलं की खोकला चालू. मी फणकारायची, "म्हणजे माझ्या हातचं बाधतं म्हणा की!"

यांचं काम गाड्या चमकवायचं. आता त्याला डिटेलिंग म्हणतात. गाडी धुवायची, घासायची, वरून सिरॅमिक कोटिंग फवारायचं, मग पाणी टाकलं तरी थेंब नुसते घरंगळून जातात. पण जालन्यात धुळीला काय तोटा? ओल्या कोटिंगवर एक कण बसला तरी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून शटर खाली, पंखा बंद, तोंडाला ओला रुमाल आणि दाढेखाली गुळाचा खडा. जिनिंगमधली माणसं कापसाच्या धुळीवर गूळ खातात, त्यानं छाती साफ राहते म्हणतात. तेच यांनी उचललं. ओल्या रुमालानं धूळ थोडीफार अडत असेल, पण कोटिंगच्या औषधाची वाफ अडत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?

मी एकदा विचारलंही, "हे बाधत तर नाही ना हो?" हे हसले. "अगं, सिरॅमिक म्हणजे चिनी मातीच. बरणीत लोणचं भरतीस ना तू? मेलं का कुणी?" मलाही पटलं. चिनी मातीला कोण भिणार! गाळणीचे डबे लावलेला चांगला मास्क यांनी आणला होता एकदा. तो घातला त्याच दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय मालक, कोरोना परत आला का?" सगळे हसले. त्यानंतर तो मास्क यांनी घातलेला मी पाहिला नाही.

खोकल्याचं खापर आम्ही आधी थंडीवर फोडलं, मग धुळीवर, मग तळणावर. शेवटी छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विचारलं, "बरं कधी वाटतं यांना?" मी हसत हसत माहेरची सगळी गंमत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. "तिकडं गेल्यावर काम बंद असतं ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

फवाऱ्याची वाफ बंद खोलीत रोज आत गेली की काहींची श्वासनळी चिडते, असं त्यांनी समजावलं. एकदा चिडली की पुढं नुसत्या वासानंही दमा उठतो. "खोकल्याच्या पहिल्या वर्षीच आला असतात तर दमा कदाचित पूर्ण सुटला असता," ते म्हणाले. आता दुकानात पाऊल टाकायचं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही काय करत होतो? थट्टा! तो खोकला घसा फोडून सांगून राह्यला होता आणि आम्ही पंगतीत बसून दात काढून राह्यलो होतो. जालन्याहून राजूरच्या गणपतीला अंगारकीला पायी जाणारा माझा माणूस आता घरचा जिना चढताना मध्येच बसतो. चिडते मी, पण कुणावर चिडू? "मला दुसरं काहीच येत न्हाई गं," असं हे म्हणतात.

दुकान आता यांच्याच हाताखाली तयार झालेला कारागीर चालवतो. चांगला माणूस, दोन लेकरांचा बाप. त्याला समजावून सांगायचं म्हणून परवा हे मला घेऊन गेले. यांना आत जाता येईना, म्हणून रस्त्यापलीकडं लिंबाखाली थांबले. शटर खालीच होतं. मी दोन्ही हातांनी बडवलं. त्यानं ते हातभर उचललं तर वासाचा असा भपका आला की माझेच डोळे चुरचुरले.

"अरे बाबा, आधी हे वर घे! पंखा लाव! चांगला मास्क घालायला काय धाड भरली तुला?" मी ओरडलेच.

तो गडबडला. तोंडावरचा ओला रुमाल खाली ओढून म्हणाला, "वहिनी, दादानं शिकवलं बराबर तसंच करून राह्यलो. काही चुकलं का?"

मी त्याला दादाच्या छातीचं सगळं सांगितलं. तो मान डोलवत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण शटर उघडं ठेवलं तर धूळ बसती ना, वहिनी." आणि गाडीकडं वळला.

मी रस्ता ओलांडून आले. यांनी विचारलं, "काय म्हणला?"

"ऐकतो म्हणला," मी म्हणाले, आणि यांच्याकडं न बघता रिक्षाला हात केला.