आईच्या मानेतली गाठ

भूकंपात आमचं गावाकडचं घर पडलं, माणसं वाचली. आम्ही लातुरात आलो. वडिलांना आडतीवर काम मिळालं आणि आईनं शिकवणीसाठी आलेल्या पोरापोरींचे डबे सुरू केले. गल्लोगल्ली क्लासेस निघत गेले, तसे तिचे डबेही वाढले. भाजलेल्या डाळी-मसाल्याचं येसर लावून ती आमटी करायची, तिच्यासाठी पोरं लांबून यायची.

पण तिची हाडं सारखी ठणकायची. तहान लई लागायची, मधे एकदा मुतखडाही झाला. सगळे म्हणायचे, भूकंपाचा धसका घेतलाय. कुणीतरी कॅल्शियमच्या गोळ्या सांगितल्या, त्या ती नेमानं घ्यायची. मग पोट दुखायला लागलं. कळ वरच्या पोटात उठायची आणि थेट पाठीत जायची. सलाईन लावलं की काही दिवसांत थांबायची, काही महिन्यांनी पुन्हा यायची. स्वादुपिंडाला सूज येते एवढं कळलं होतं. का येते ते कळत नव्हतं.

शेवटी मी तिला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "मावशी, दारू?"

कळ सोसत असतानाही आई पदराआड हसली. "बाई, ती न्हाई वो आमच्यात."

स्वादुपिंड सुजायचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे पित्ताशयातले खडे; तपासलं, तर तेही नव्हते. बाईंनी मुतखड्याचं, हाडांचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "रक्तातलं कॅल्शियम कधी तपासलंय?"

ते कुणीच तपासलं नव्हतं. तपासलं, तर भलतंच वाढलेलं निघालं.

"पण हाडं तर कमजोर झालीत म्हणतात," मी म्हणाले.

"हाडातलंच रक्तात येऊन राहिलंय. मानेत बारीक ग्रंथी असतात, कॅल्शियमचा हिशोब त्यांच्याकडे. त्यातली एक बिघडली असणार." मग त्या आईजवळ बसल्या. "मावशी, स्वादुपिंड अन्न पचवायचा रस तयार करतं. तो रस आतड्यात गेल्यावर कामाला लागायचा असतो. रक्तात कॅल्शियम फार झालं की तो आतच कामाला लागतो आणि स्वादुपिंडालाच पचवू बघतो. त्या गोळ्या आजपासून बंद."

आईनं पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "म्हंजे धसका नव्हता तर." तिला बरं वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं. इतकी वर्षं ती स्वतःला भित्री समजत होती.

सूज उतरल्यावर मानेचं ऑपरेशन झालं. निघालेली गाठ शेंगदाण्याएवढी होती. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांना मुंग्या आल्या आणि मी घाबरले. बाई म्हणाल्या, "आता कॅल्शियम खाली आलंय, हाडं ते ओढून घेतायत." काही दिवस त्याच गोळ्या पुन्हा द्याव्या लागल्या. "ह्यांचं एक काय ते ठरंना," आई म्हणाली, आणि घेतल्या.

तोवर डबे शेजारच्या शिलाईवाल्या चाचींनी सांभाळले होते. पोरांना त्यांची खिचडी आणि तिच्यावर ओतायचा चिंचेचा खट्टा इतका आवडला, की आई परत आल्यावर त्यांनी दबकतच विचारलं, "काकू, शुक्रवारी खट्टा मिळेल का?"

आईनं चाचींना घरातच बोलावून घेतलं. दोघींनी मिळून पुढं कितीतरी वर्षं डबे केले. पोटातली ती कळ पुन्हा आली नाही. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत आई चाचींबरोबर पायी बाजारात जायला लागली, आणि भाजीवाल्यांशी भाव करताना तिचा आवाज चाचींपेक्षा वर असायचा.