सिलोनच्या दोन खुर्च्या

प्रवासाचे किस्से मोजकेच असतात. पेटी कुठे राहिली, डबा कुठे सांडला, की संपलं! प्रवास ठरवण्याचे किस्से मात्र ढिगानं साठतात. आमचा सिलोनचा प्रवास ठरत होता तेव्हाचे किस्से हिंगणघाटच्या गिरणीच्या चाळीत इतक्या जणींनी सांगितलेत, की त्यातला माझा कोणता आणि त्यांचा कोणता, हे मलाही कळेनासं झालंय. म्हणून आता मीच सांगते. निदान मीठ तरी माझ्या हातचं पडेल.

*

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती. गिरणीत तरीही एक गोरा इंजिनिअर शिल्लक होता. तो आणि त्याची मडम सुट्टीवर सिलोनला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पेट्या उतरवून घ्यायला हे स्टेशनवर गेले होते. हे म्हणजे माझे यजमान, गिरणीत स्टोअरकीपर. यांनी विचारलं, "साहेब, काय काय पाह्यलं?"

साहेब म्हणाला, "नथिंग! समुद्राकडे तोंड करून बसलो. दोघंच."

हे घरी आले ते हरखूनच. "अवं, काहीच नाई पाह्यलं म्हणते! देऊळ नाई, बाजार नाई. घाई नाई, गडबड नाई. चहा बसल्या जागी आणून देतात म्हणे! आपण जाऊ. दोघंच."

बसल्या जागी चहा! माझं माहेर नाचणगावचं, त्यात मी थोरली. माहेरी मी चहा नेऊन दिला, सासरी मी नेऊन दिला. समुद्राचं मला काही नव्हतं. पण कोणीतरी कप आणून माझ्या हातात देईल, या एका गोष्टीसाठी मी विलायतेलाही चालत गेले असते.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बसालेच जायचं हाये तं इतक्या दूर कायले? आपला ओटा काय चावते?"

*

पुढे तो साहेब कायमचा मायदेशी गेला. जाताना त्यानं यांना कॅनव्हासच्या दोन आरामखुर्च्या देऊन टाकल्या. यांनी त्या ओट्यावर मांडल्या आणि म्हणाले, "रोज संध्याकाळी आपण बसायची प्रॅक्टिस करू. एकदम तिथं जाऊन जमणार नाई."

पहिल्या दिवशी मी पोळ्या लवकर आटोपल्या, हात पुसले आणि बाहेर आले. यांच्याशेजारी नत्थूजी बसले होते! नत्थूजी यांच्याच ऑफिसातले, भिंतीला भिंत लागून राहायचे. "वा वहिनी," ते म्हणाले, "माह्यासाठी खुर्ची लावून ठेवली! आता चहा येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी. मग एक दिवस सासूबाईंनी बसून पाहिलं, आणि त्यानंतर कोणाचीच हिंमत झाली नाही. मी उंबऱ्यात टेकले की त्या म्हणत, "उंबऱ्यात बसू नोको वं, लक्ष्मी अडते."

लक्ष्मी जाऊ-येऊ शकत होती. अडून मीच राहिले होते.

*

सिलोन म्हणजे लंका, हा शोध चाळीला लागायला वेळ लागला नाही. नत्थूजी भर ऑफिसात म्हणाले, "सीतेले न्यायले रावणाले केवढा खटाटोप करा लागला! आन् हा पठ्ठ्या आपल्याच हातानं बायकोले लंकेत पोचवून राह्यला!"

अख्खं ऑफिस हसलं. हेही हसले. घरी येऊन मला सांगताना पुन्हा हसले. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? जोक चांगला होता."

*

मग यांनी ठरवलं की सिलोनच्या आधी एक छोटी सफर करून पाहू. गिरडला. टेकडीवर दर्गा आहे, झाडी आहे, वारा आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, दोघंच. मी आनंदानं दशम्या केल्या.

बैलबंडी दारात आली, तशी शेजारची शेवंताबाई पदर सावरत आली. "गिरडले चाल्ले का वं? माहा जुना नवस राह्यला हाये!" तिच्या मागोमाग तिची जाऊ, मग नत्थूजी, नत्थूजींची बायको. सासूबाई तर आधीच पुढे जाऊन बसल्या होत्या. शेवटी आणखी एक बंडी करावी लागली. मागच्या बंडीत भांड्यांसोबत मी.

टेकडीच्या पायथ्याशी तीन दगड मांडून मी सगळ्यांचा स्वयंपाक केला. वारा होता, तो सगळा चुलीत शिरत होता. वर काय आहे, ते मी आजवर पाहिलेलं नाही.

परत आल्यावर हे खुर्चीत लांब झाले आणि मला म्हणाले, "आज किती निवांत वाटलं, नाई?"

*

सिलोनला जायचं तर देवीची लस टोचून घ्यावी लागते, असं कळलं. आम्ही दोघं सरकारी दवाखान्यात जाऊन टोचून आलो. माझा दंड टम्म फुगला, ताप चढला. मी पांघरूण घेऊन पडले, आणि शेवंताबाईनं खिडकीतून तेवढंच पाहिलं.

संध्याकाळपर्यंत चाळीतल्या प्रत्येक दाराला कडुलिंबाचे डहाळे! नळावर कोणी माझी बादली भरू देईना. नत्थूजींनी बायकामुलांना सासुरवाडीला रवाना केलं. मी दंड उघडा करून दाराशी उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, "देवी नाही आल्या, सिलोनला जायची लस आहे!"

शेवंताबाई लांबूनच हात जोडून म्हणाली, "माय, तू सिलोनले जा, नाईतर कुठंबी जा, पण आमच्या घरावर नोको येजो!"

सासूबाईंनी तर साफ सांगितलं, "मी नाई टोचून घेणार. देवीले कोपवता का?" हे वाक्य लक्षात ठेवा.

*

आता रजेचा किस्सा. मला विचाराल तर सगळं इथंच बिघडलं. आणि बिघडलं ते एका शब्दापायी.

गिरणीचे मॅनेजर राजस्थानकडचे, हिंदी बोलायचे, फार देवभोळे. यांना मोठी रजा हवी होती. पण मोठ्या माणसासमोर 'बायको' हा शब्द कसा उच्चारायचा? आमच्यात जुनी माणसं बायकोला 'मंडळी' म्हणत. आमची मंडळी माहेरी गेली, आमच्या मंडळीला बरं नाही. मीही यांचं नाव कधी घेतलं नाही, तेव्हा लाजेबद्दल मी बोलू नये. पण माझ्या लाजेनं कोणाची गाडी चुकली नाही.

हे मॅनेजरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साब, मंडली को लेके रामेश्वर की तरफ जाना है." सिलोनची बोट तिकडूनच सुटते ना, म्हणून रामेश्वर.

मॅनेजर खुर्चीतून उठलेच! "भजन मंडली! रामेश्वर! धन्य हो भाई!" त्यांनी लगेच रजा मंजूर केली, वर देवघरातून झांजांची एक जोडी आणून यांच्या हातात दिली. "लौटकर हमें भी दो भजन सुनाना."

हे झांजा वाजवतच घरात आले असं चाळीत सांगतात. खोटं आहे ते. त्यांनी त्या सदऱ्यात लपवून आणल्या होत्या.

मी म्हटलं, "सरळ बायको म्हणायचं होतं!"

"मॅनेजरसमोर? लाज नाई वाटत का तुले?"

*

रजा मिळाली ती यात्रेची. आता बायकोला घेऊन खुर्चीत बसायला गेल्याचं मॅनेजरच्या कानावर गेलं तर नोकरीवर गदा. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिढा सोडवला तो सासूबाईंनी.

"मी येतो," त्या म्हणाल्या. "म्हातारी माय सोबत असली का कोणीबी यात्राच म्हणते. रामेश्वर करीन, आन् सीतामाय लंकेत जिथं बसली तेबी पाहून घेईन."

मला वाटलं, ठीक आहे, तिघं जाऊ. पण यात्रेला माणूस गेलं की घराला कुलूप लावत नाहीत, घरच्या देवापुढे दिवा तेवत ठेवावा लागतो. ही आमच्या घरची रीत. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"दिवा कोण लावीन?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीच्या कॅनव्हासला पडलेलं भोक बोटानं मोठं करत होते.

सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रुसू नोको पोरी. तुह्याच लेकरासाठी नवस बोलाले जाऊन राह्यली मी." मला मूलबाळ नव्हतं. रडायला आत जावं म्हटलं, तर आत दिव्याच्या वाती वळायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दवाखान्यात गेल्या आणि दंड पुढे करून बसल्या. देवी अजिबात कोपल्या नाहीत! ताप नाही, सूज नाही. माझ्या दंडावर मात्र सिलोनचा वण अजून आहे.

स्टेशनवर मद्रासची गाडी हलताना हे दारातून म्हणाले, "पुढच्या खेपेले आपण दोघंच!"

मला राग आला. आजही येतो.

*

मी दिवा एकदाही विझू दिला नाही.

ती दोघं परत आली त्या संध्याकाळी अख्खी चाळ तीर्थप्रसादाला ओट्यावर जमली. सासूबाईंनी प्रत्येकीच्या हातावर तीर्थ घातलं, माझ्या ओटीत रामेश्वरचा शंख घातला. मग त्या आपल्या खुर्चीत बसल्या. दुसऱ्या खुर्चीत हे. मी सगळ्यांना चहा दिला.

चहा संपता संपता शेवंताबाईनं विचारलं, "आन् लंकेत काय काय पाह्यलं वं माय?"

सासूबाई खुर्चीत मागे रेलल्या. त्यांचा चेहरा इतका निवळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"काहीच नाई वं," त्या म्हणाल्या. "समुद्राकडे तोंड करून बसून राह्यलो. घाई नाई, गडबड नाई. दोघंच. मायबाई, चहासुद्दा बसल्या जागी आणून देत!"

आणि रिकामा कप त्यांनी माझ्यापुढे धरला.