पत्र्यामागची लिली

दहिसरची चाळ रिकामी करताना आईने दारासमोरच्या लाल लिलीचे कंद मातीतच ठेवले. बिल्डर तीन वर्षांत नवं घर देणार होता. गावचं घर बंद करून येतानाही आम्ही कंद कधी उपटत नाही. "कित्याक उपटू? परत येवचाच आसा," ती म्हणाली.

चाळ पडली, भोवती पत्रे लागले आणि काम तिथेच थांबलं. त्याला आठ वर्षं झाली. हे आमचं तिसरं भाड्याचं घर. दर होळीला मी जाऊन पत्र्याच्या भोकाला डोळा लावते, आणि ती मेली लिली फुललेली दिसली की डोकंच फिरतं माझं. ती फुलली म्हणजे तिथे अजून कुणी फावडंसुद्धा मारलेलं नाही. आईलाही ते कळतं.

यंदा तर ढिगाऱ्याच्या कडेने लालभडक रांगच लागली होती. आईला आता जिने उतरवत नाहीत. मी घरात पाऊल ठेवताच तिने विचारलं, "फुलली काय गो?"

यंदा माझ्याच्याने 'हो' म्हणवलं नाही. "एकही नाही. सगळी माती खणलीय," मी म्हटलं.

आईने देवापुढे साखर ठेवली आणि नव्या गॅलरीसाठी कुंड्या धुवायला बसली.