माशाचा डोळा

कोलकात्यात नूतन बाजाराच्या गल्लीत भवतोष सूत्रधाराची बैठक अगदी आतल्या टोकाला. संदेश या छेन्याच्या, म्हणजे फाटलेल्या दुधाच्या, मिठाईचे लाकडी साचे कोरायचे, हा त्याचा धंदा. शंख, आंबा, फुलपाखरू, मासा, आणि सगळं उलटं. मिठाईवर जे फुगून वर यायला हवं ते लाकडात खोल कोरायचं, आणि मिठाईवर जे खोल हवं ते लाकडात उभं ठेवायचं. चाळीस वर्षं हा माणूस खड्ड्यांतच जगला म्हणा ना!

पौषात त्याचा डावा डोळा गेला. दुखलं नाही, खुपलं नाही; एका सकाळी पडदा पडला तो पडलाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर केलात काका. पण दुसरा चांगला आहे की!" चांगला आहे म्हणे! एका डोळ्यानं भिंत दिसते, बायको दिसते, पण पटाशीचं टोक लाकडापासून किती वर आहे ते कळत नाही, हे बाईंना कोण सांगणार? भवतोषनं घरात ब्र काढला नाही. बायको, नीहार, धास्तावेल हे एक. आणि मिठाईवाल्या परेश मोदकाच्या कानावर गेलं तर तो आपलं काम यंत्रावर साचे कोरणाऱ्याला देऊन मोकळा होईल, हे दुसरं. खरं सांगायचं तर दुसरीच भीती मोठी होती. साच्यांशिवाय त्याला दुसरं येत काय होतं?

तरी दोन महिने निभावलं, ते उजेडाच्या जोरावर. त्या गल्लीत सगळे कारागीर उजेड डावीकडून घेतात, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. डावीकडून उजेड असला की खड्ड्याची डावी कड काळी दिसते, उंचवट्याची उजवी. भवतोषच्या नजरेत हे इतकं मुरलं होतं की विचार करावाच लागत नसे.

फाल्गुनात परेश मोदकाच्या नातीचं लग्न निघालं. मुलाकडच्यांना पाठवायच्या तत्त्वाच्या, म्हणजे लग्नाच्या भेटींच्या, ताटांत हातभर लांब रोहू मासा हवा, छेन्याचा, खवल्याखवल्यानिशी. "भवदा, हे काम तुमच्याच हातचं," असं परेश गल्लीभर ऐकू जाईल असं बोलून गेला. नेमक्या त्याच आठवड्यात शेजाऱ्यानं दुरुस्तीसाठी ताडपत्री बांधली आणि डावी खिडकी बंद झाली. भवतोषनं उजवीकडच्या खुंटीला बल्ब टांगला आणि काम पुढे रेटलं. खवले झाले, कल्ले झाले. डोळ्याभोवती त्यानं चर मारला. आता मधला भाग खोल करायचा. थोडं कोरून वाकून पाहिलं तर मधल्या भागाची डावी कड काळी. म्हणजे खोल झालाय की! हात फिरवून पाहायचं, तर वाटाण्याएवढ्या जागेत बोट शिरतंय कुठे? त्यानं घासून गुळगुळीत केलं आणि पटाशी ठेवली.

तत्त्व दुसऱ्या दिवशी जायचं होतं, परेश साचा न्यायला दुपारी येणार होता. सकाळी भवतोषनं मळलेला मैदा साच्यात दाबून काढला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. मासा देखणा होता, पण डोळ्याच्या जागी खड्डा! लग्नाच्या ताटात आंधळा मासा! वरपक्षाच्या बायका पुढची वीस वर्षं ते उगाळत बसल्या असत्या.

पटाशी कुठे घसरली? कुठेच नाही. बल्ब उजवीकडे होता. मधला उंचवटा तसाच उभा होता, आणि एकट्या डोळ्यानं त्यालाच खड्डा मानलं होतं. दोन डोळे असते तर एकानं तरी शंका काढली असती.

उपाय होता. उंचवटा छाटून तिथेच खोल जायचं. पण तळाला लाकूड उरलं होतं जेमतेम अर्ध्या बोटाच्या जाडीचं; पटाशी थोडी जास्त गेली की आरपार. भवतोषनं पटाशी उचलली. तो डोकं इकडून तिकडे हलवून बघू लागला. मान हलली की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, तेवढाच आधार.

नीहार मुढीची, म्हणजे कुरमुऱ्यांची, वाटी घेऊन आली आणि दारातच थांबली. "अहो, कबुतरासारखी मान काय हलवताय?"

"अवघडलीय जरा."

तिनं वाटी खाली ठेवली, समोर बसली आणि त्याच्या डाव्या डोळ्यापुढे बोट नाचवलं. पापणीही हलली नाही.

"कधीपासून?"

"पौषापासून."

"पौषापासून! आणि मी मूर्ख, दाराला धडकलात की म्हणते, लक्ष कुठे असतं यांचं! बायको आहे का कोण आहे मी तुमची?" ती रडलीही आणि चिडलीही, दोन्ही एकदम. मग पदरानं नाक पुसून तिनं खुंटीवरचा बल्ब काढला. "कुठे धरू? बोला लवकर. परेशबाबू येतील."

"डावीकडे. आणखी खाली. अगदी फळीला टेकव."

उजेड आडवा पडला तशी प्रत्येक खवल्याची सावली लांब झाली. भवतोष एक कपचा काढी, थांबे, मान हलवी, काडी घालून खोली मापी. नीहारचं तोंड सुरूच होतं, पण बल्ब तसूभर हलला नाही. तिसऱ्यांदा मैदा दाबला तेव्हा मासा टपोऱ्या डोळ्यानं वर बघत होता.

परेश आला तो छेना घेऊनच. तिथल्या तिथे मासा काढून पाहिला आणि खुशीनं मांडीवर थाप मारली. "वा भवदा! यंत्राला सात जन्मांत जमायचं नाही. आता दुर्गापूजेसाठी शंखाचे बारा साचे घ्या करायला."

नीहारनं चहा दिला. भवतोषचं काळीज इतकं हलकं झालं होतं की तो सावध राहायचं विसरला. दोन घोट घेऊन त्यानं कप स्टुलावर ठेवला, म्हणजे त्याला वाटलं ठेवला. कप स्टुलाच्या चार बोटं अलीकडे सुटला आणि खाली फुटला.

परेशनं कपाकडे पाहिलं, मग भवतोषच्या तोंडाकडे.

"डावा गेलाय त्यांचा," नीहार म्हणाली. "मासा त्यानंतरचा आहे. आता काय ते ठरवा."

परेशनं साचा पुन्हा हातात घेतला आणि कितीतरी वेळ अंगठा माशावरून फिरवत राहिला. भवतोषला वाटलं, हा आता 'बघू नंतर' म्हणणार.

"बारा नको," परेश म्हणाला. "सहा करा, सावकाश. आणि वहिनी, उजेड धरायला तुम्ही बसणार असाल तरच हं!"

भवतोषनं 'हो' म्हणून मान हलवली. दिसत एकाच डोळ्यानं होतं, पाणी मात्र दोन्हींतून वाहत होतं.