नसलेल्या सिनेमाची गाणी

आम्ही दोन वर्षं बरोबर होतो आणि त्यातलं दीड वर्ष त्याच्या गाडीत एकच अल्बम वाजत होता.

जपानमधल्या एका छोट्या बँडचा. तीन मुलगे आणि एक गाणारी मुलगी. अल्बम अलीकडचाच, पण साठ वर्षांपूर्वीचा वाटावा असा मुद्दाम घडवलेला, कारण ही मंडळी जुन्या इटालियन सिनेमांच्या संगीतावर फिदा होती. सुरुवातीला प्रोजेक्टरची खरखर, मग शीळ, मग ऑर्गन आणि बायकांचा नुसताच ‘ला ला ला’ असा कोरस. शब्द जपानी, मध्येच एखादा इटालियन. कव्हरवर ती मुलगी डोक्याला रुमाल बांधून, काळा गॉगल लावून स्कूटरवर मागे बसलेली. मला ते रोम वाटलं होतं. तो म्हणाला, नाही, जपानमधलंच कुठलंसं बंदर आहे.

तो इथे टेक्ससमध्येच जन्मलेला, ग्राफिक डिझाइन करायचा. मी नागपूरची, डॅलसजवळ प्लेनोतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जेवण वाढताना ओळख झाली. मी मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. कधी मराठीचा प्रयत्न केलाच तर ‘माझा गाडी’ म्हणायचा आणि मी हसले की पुढचा आठवडाभर गप्प.

त्याची आई मात्र माझ्याशी भरभरून बोलायची. काकू मूळच्या पुण्याच्या, इथे येऊन तीस वर्षांवर झालेली. काका गेल्यापासून त्या मोठ्या घरात एकट्याच राहायच्या. दर रविवारी आम्ही जेवायला जायचो. एकदा त्याने तिथल्या रेकॉर्ड प्लेयरवर तो अल्बम लावला आणि काकूंना तो इतका आवडला की कव्हर त्यांनी हॉलमधल्या फडताळात दिसेल असं उभं करून ठेवलं. पोळ्या लाटताना त्या तो कोरस गुणगुणायच्या. सूर बरोबर, ताल स्वतःचा. त्यांची अगदी खात्री होती की ही गाणी एखाद्या सिनेमातली आहेत. पब्लिक लायब्ररीत जाऊन त्यांनी तो सिनेमा शोधलासुद्धा. मला म्हणाल्या होत्या, सापडला की आपण तिघं मिळून बघू.

एप्रिलमध्ये कळलं की तो बँड अमेरिकेत येतोय आणि एका शनिवारी दुपारी डॅलसमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात अर्धा तास गाणार आहे. जागा थोडी असल्यामुळे आधी नावं नोंदवायची होती. त्याने आमची दोघांची नोंदवली.

त्या शनिवारच्या दहा दिवस आधी, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, मी पिशव्या मागे ठेवून पुढे येऊन बसले तेव्हा त्याने गाडी सुरू केली नाही. समोर बघत म्हणाला, “माझ्याच्यानं आता हे होणार नाही.”

मराठीत. एकही चूक नाही. माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की अरे, किती छान बोलला. काय होणार नाही ते कळायला थोडा वेळ लागला. पुढचं सगळं तो इंग्रजीतच बोलला. दुसरं कोणी नाही, तुझी काही चूक नाही, लग्नाचं बोलणं निघालं की मला गुदमरल्यासारखं होतं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्याने मला घरी सोडलं आणि पिशव्या वरपर्यंत आणून दिल्या.

आठवडाभर मी ऑफिसला गेले, मीटिंगांना बसले, जेवले की नाही ते ठाऊक नाही. आईला फोनवर सर्दी झाल्याचं सांगितलं. शुक्रवारी काकूंचा फोन आला. तो उद्या जाणार नाही म्हणतोय, त्या म्हणाल्या, पण नोंदवलेली दोन नावं आहेत, मी येऊ का तुझ्याबरोबर? नाही म्हणायचं होतं. या, म्हणाले.

हायवेवर गाडी चालवायला त्या घाबरायच्या, म्हणून मी त्यांना घ्यायला गेले. कॉटनची साडी, त्यावर कार्डिगन, पायात पांढरे स्नीकर. दुकानात चाळीसेक माणसं असतील, सगळी विशी-पंचविशीतली. एका मुलाने काकूंना स्टूल आणून दिलं. बँड आमच्यापासून चार हातांवर. ती गाणारी मुलगी प्रत्यक्षात कव्हरवरच्यापेक्षा लहान दिसत होती, थकलेली. पहिली शीळ वाजली. मी काकूंच्या स्टुलाला टेकले. त्यांनी माझा हात मांडीवर घेतला आणि शेवटच्या गाण्यापर्यंत सोडला नाही.

नंतर सह्या घ्यायला रांग लागली. काकूंनी घरचं कव्हर आणलं होतं. ते पुढे करत त्यांनी त्या मुलीला इंग्रजीत विचारलं, हा सिनेमा कुठे मिळेल? मुलीने शेजारच्या गिटारवाल्याला काहीतरी विचारलं, मग अदबीने वाकून सांगितलं की सिनेमा नाहीच. फक्त गाणी आहेत. सिनेमा असता तर कसा असता, तेवढं आम्ही ठरवलं होतं.

बाहेर बाकावर येऊन बसलो तेव्हा काकूंचे डोळे भरले होते. मला वाटलं सिनेमाचंच वाईट वाटलं असेल.

“तुला एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “मागच्या महिन्यात मी कणीक मळत होते. त्याने येऊन विचारलं, आई, ‘आय कान्ट डू धिस एनीमोर’ला मराठीत काय म्हणायचं? मी सांगितलं. ‘माझ्याच्यानं’ त्याला जमेना, म्हणून त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “मला वाटलं, तुझ्यासाठी मराठी शिकतोय. मला इतकं बरं वाटलं होतं गं.”

त्यांच्यावर राग येणं शक्यच नव्हतं, आणि त्याच्यावरचाही तेवढ्यापुरता कुठे गेला कोण जाणे. निदान माझ्या भाषेत सांगावं असं त्याला वाटलं होतं. ते चांगलं की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही दोघी त्या बाकावर ऊन लागेपर्यंत रडलो.

उन्हाळाभर काकू अधूनमधून फोन करत राहिल्या. मेथीचे ठेपले केलेत, येऊन जा. तो नसेल अशा दिवशी मी जायचे. अल्बम त्यांनी फडताळातून काढून ठेवला होता, आणि मी विचारलं नाही. मग एका फोनवर त्या बराच वेळ हवेबद्दल, गुडघ्याबद्दल बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, “आता तो एकीला घरी आणायला लागलाय. चांगली मुलगी आहे. तू आलीस तर तिला अवघड होईल, नाही का?”

मी म्हटलं, हो काकू, बरोबर आहे तुमचं.

त्याचं जाणं मी मैत्रिणींना सांगू शकले. त्यांनी माझ्या बाजूने त्याला शिव्या घातल्या, मला जेवायला नेलं. काकूंचं कोणाला आणि काय म्हणून सांगणार? त्या माझ्या कोण होत्या?

हिवाळ्यात त्या मला इंडियन स्टोअरमध्ये दिसल्या. कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होत्या, शेजारी त्याची ती नवी मुलगी ट्रॉली धरून उभी. मला बघून काकूंचा चेहरा आधी उजळला. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या दंडावर हात ठेवून तिला सांगितलं, “ही आमच्या ओळखीतली, नागपूरची.”

ती मुलगी हसून “हाय” म्हणाली. मीही म्हणाले. काकूंचा हात अजून माझ्या दंडावरच होता. मग त्यांनी तो काढून घेतला आणि त्या पुढच्या रांगेत डाळी बघायला गेल्या.