बंदूककाकूंच्या सात निर्दोष दुर्बिणी

मी बंदूककाकूंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पालथ्या पडल्या होत्या. इंग्लंडात लेस्टरमधल्या त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घ्यायला मी दोन जडशीळ बॅगा ओढत आले होते. दार उघडं, हाकांना उत्तर नाही, आणि मागच्या बागेत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई, सुती साडीवर कार्डिगन घातलेल्या, गोधडीवर पोटावर निपचित. मी घाबरून ॲम्ब्युलन्सला फोन लावणार तेवढ्यात गोधडीवरून आवाज आला, "जरा बाजूला हो गं, सावली पाडतेयस." त्यांच्या डोळ्यासमोर तूरडाळीच्या पिशवीवर एक काळी नळी टेकवलेली होती. रायफलवर बसवायची दुर्बीण. रायफल स्वतः वर पोलादी कपाटात कुलूपबंद होती, हे कळल्यावर मी बॅगा आत घेतल्या.

काकू मिरजेच्या. डोळ्यांच्या सर्जन म्हणून तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात आल्या आणि आयुष्यभर लोकांचे मोतीबिंदू काढून रिटायर झाल्या. पन्नाशीत एका सहकाऱ्याने त्यांना रायफल क्लबात नेलं, आणि तिथे त्या ज्या आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. हजार यार्डांवरच्या टार्गेटवर नेम धरणं हे त्यांचं पहिलं वेड. दुसरं म्हणजे दर शरद ऋतूत स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांच्या शिकारीला जाणं. मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला साड्यांबद्दल बोलायच्या, तेव्हा काकू वाणाची वाटी हातात धरून वारा डावीकडून असला तर गोळी किती सरकते ते सांगायच्या. बंदूककाकू हे नाव मंडळाने दिलं आणि काकूंनी ते पदवीसारखं मिरवलं.

मी राहायला गेले ते वर्ष दुर्बीण-खरेदीचं होतं. जुनी दुर्बीण काकूंच्या मते "गेली" होती. गावातल्या बंदुकांच्या दुकानाचा मालक ग्रॅहम हा क्लबातलाच माणूस, म्हणून तो त्यांना एकेक दुर्बीण घरी बघायला द्यायचा. तो बिचारा सारखा सुचवायचा, की टार्गेट आणि शिकार दोन्हींना चालेल अशी एकच घ्या. काकू म्हणायच्या, "लग्नाला आणि शेतात एकच साडी नेसू का मी?" टार्गेटच्या दुर्बिणीतून लांबचं मोठं दिसलं पाहिजे, नेम धरायची आतली फुली केसासारखी बारीक हवी, आणि अंतराप्रमाणे फिरवायच्या चकत्यांचा टक टक आवाज बोटांना मोजता आला पाहिजे. शिकारीची हलकी हवी. तिच्यात चित्र फार मोठं नको, कारण मोठं केलं की अवतीभवतीचं दिसेनासं होतं आणि हरीण हललं की शोधत बसावं लागतं. तिच्यातून संध्याकाळच्या उजेडातही हरणाचे कान मोजता आले पाहिजेत. "टार्गेट उभं राहतं बाई. हरीण काय आपल्यासाठी थांबणारे?"

पण खरी मजा होती ती परीक्षेत. घराच्या मागच्या फाटकाबाहेर कौन्सिलकडून मिळालेला भाजीचा पट्टा होता, आणि त्याच्या टोकाला, पन्नास यार्डांवर, अवजारांची खोपटी. तिच्या दारावर काकूंनी आपलं मराठी भिंतीवरचं कॅलेंडर टांगलं होतं. टार्गेटच्या दुर्बिणीतून त्यातली बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत, आणि शिकारीच्या दुर्बिणीतून तिन्हीसांजेला तारखेचे आकडे. "इंग्लिश अक्षरं काय, सगळी उभ्या काड्या," काकू म्हणायच्या. "काच चांगली आहे का ते जोडाक्षरात कळतं." ग्रॅहम एकदा घरी आला तेव्हा त्याने गोधडीवर झोपून त्या कॅलेंडरकडे दहा मिनिटं पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, "व्हेरी क्रिस्प, डॉक्टर. व्हॉट डझ इट से?" काकू म्हणाल्या, "इट सेज यू शुड फास्ट ऑन ट्यूजडे."

जुलैत एक दुर्बीण पास झाली. काकूंनी गोधडीवरूनच जाहीर केलं, "आषाढी एकादशी! काय स्वच्छ दिसतेय!" ग्रॅहमला पेढे गेले. पुढच्या आठवड्यात तीच दुर्बीण नापास. म्हणे काच पिवळट आहे, ऊन तिरकं पडलं की चकाकते, सगळं धुरकट होतं. दुसरी आली, तिचीही काच धुरकट. तिसरी, चौथी, पाचवी. सहावी एवढी भारी होती की ग्रॅहमने ती दोन्ही हातांनी, बाळासारखी आणून दिली. काकूंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "हल्ली काचा करायलाच विसरलेत लोक." सातवी परत करताना मी सोबत होते. ग्रॅहमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला वाचता आलं: डॉक्टर म्हाताऱ्या झाल्या.

काकूंनाही ते वाचता आलं असावं. परतताना बसमध्ये त्या एकदम म्हणाल्या, "क्लबात माझ्या गोळ्या पांगायला लागल्यात. गेल्या वर्षी डोंगरात हरीण समोर होतं, पण मी बार टाकला नाही. दिसत नाही तर नाही, हा माझा नियम आहे. जखमी करून सोडायचं पाप कोण घेणार?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ऑक्टोबरच्या मॅचपर्यंत मनासारखी दुर्बीण मिळाली नाही, तर रायफल विकून टाकते." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर म्हणाल्या, "आणि मग काय करू? तुमच्या त्या झूमवरच्या भजनी मंडळात जाऊ?" मी हसले खरी. या बाईच्या हातातून रायफल गेली तर तिच्यातलं काय उरेल, हे मला बघायचं नव्हतं.

आणि मग माझ्या हातून ती सोन्यासारखी चूक झाली. ऑगस्टच्या एका शनिवारी पावसाने खोपटीवरचं कॅलेंडर भिजून लगदा झालं. काकू म्हणाल्या, आत दुसरं आहे ते लाव. काकूंकडे मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी जुनी कॅलेंडरं जपून ठेवलेली असत. मी गठ्ठ्यातलं एक उचललं, ऑगस्टचं पान काढलं आणि टांगून आले. काकू जुनी दुर्बीण घेऊन आडव्या झाल्या आणि खणखणीत वाचायला लागल्या, "बारा तारीख, संकष्टी चतुर्थी. बघ, हिच्यातूनही दिसतंय थोडंफार."

मी सहज म्हणून शेजारी पालथी पडले आणि दुर्बिणीला डोळा लावला. मला स्वच्छ दिसलं. बारा तारखेला संकष्टी नव्हती. संकष्टी बावीसला होती. मी वरचं साल बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं.

"काकू," मी म्हणाले, "मी चुकून मागच्या वर्षीचं पान लावलंय."

डॉक्टरीणबाईंना, तेही डोळ्यांच्या, हे कसं सांगायचं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात काकूंनी डावा डोळा तळव्याने झाकला. मग उजवा. मग पुन्हा डावा. त्यांनी शेजारच्या वालाच्या वेलाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू!"

आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. गोधडीवर लोळत हसत होत्या. सगळे सणवार पाठ असल्यामुळे दिसत होतं ते अर्धं डोळ्याने आणि अर्धं तोंडपाठ! ज्या बाईने उभा जन्म दुसऱ्यांचे मोतीबिंदू ओळखण्यात घालवला, तिने स्वतःचा डोळा तपासायचा सोडून सात दुर्बिणी नापास केल्या होत्या. डावा डोळा चांगला, त्यामुळे घरात काही अडत नव्हतं. नेम धरायचा तो मात्र उजव्याने. मीही हसत सुटले. शेजारची इंग्लिश आजी कुंपणावरून डोकावून विचारून गेली, एव्हरीथिंग ऑल राइट? काकूंनी तिथूनच ग्रॅहमला फोन लावला. "ग्रॅहम, ऑल सेव्हन ऑफ युअर स्कोप्स आर इनोसंट! द डिफेक्टिव्ह वन इज मी!"

ऑपरेशनला मात्र घाबरल्या. आयुष्यभर पेशंटना "काही कळणारसुद्धा नाही" म्हणून धीर देणाऱ्या काकू आदल्या दिवशी सकाळपासून माझ्यामागे, "तू येशील ना गं? बाहेरच बसशील ना?" ऑपरेशन करणारा डॉक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आतून त्यांचा आवाज बाहेर बसलेल्या मला ऐकू येत होता, "नाउ स्लोली... गुड बॉय..." आणि त्याचा काकुळतीचा आवाज, "डॉक्टर, प्लीज, टुडे यू आर द पेशंट."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "चांगली देखणी आहेस की," त्या म्हणाल्या. "आणि तो ओटा कोण पुसतं? तू?"

नेमबाजीची परवानगी मिळाल्यावर काकूंनी पेढ्यांची ती पहिली दुर्बीण पुन्हा आणली. ऑक्टोबरच्या मॅचमध्ये त्या चौथ्या आल्या. हजार यार्डांवरच्या सगळ्या गोळ्या काळ्या वर्तुळात. पहिल्या आलेल्या माणसाने जेवढा आरडाओरडा केला नाही तेवढा मी आणि ग्रॅहमने केला. काकूंनी साडीचा पदर खोचला, मॅट गुंडाळली आणि म्हणाल्या, "चला, आता शिकारीची दुर्बीण बघायला घेऊ." ग्रॅहम मटकन खाली बसला.

दोन वर्षांनी मला लंडनमध्ये हॅरोला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी काकूंनी डबा दिला, दारापर्यंत आल्या, आणि "पोचलीस की फोन कर" यापलीकडे अवाक्षर काढलं नाही. मला ते लागलं, खोटं का बोलू? मित्राची गाडी त्या लांबच लांब सरळ रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सिग्नलला थांबली, तोच फोन वाजला.

"त्या मुलाला सांग, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे."

मी वळून मागच्या काचेतून पाहिलं. दारात फोन कानाला लावून एक इवलीशी आकृती उभी होती. हातात दुर्बीण नाही, डोळ्यांना चष्मा नाही.

"काकू, थंडी आहे. आत जा ना."

"जाते. रडतेयस का गं?"

"नाही हो."

"खोटं बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "मला दिसतंय."